कार्ड मिळालं, आता शिक

बाळ्या,

बोटीचा फोटो मिळाला. वीस फुटी, मागं आउटबोर्ड इंजिन, सेकंडहँड असूनही अंगानं धड दिसते. खाली तू लिहिलंयस, ‘मामा, कार्डही झालं, जेवणानंतर ऑनलाइन कोर्स उरकून टाकला.’ त्या ‘उरकून’पाशी मी अडकलो, म्हणून हे पत्र.

१ जुलै १९७२ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला मेरीलँडमध्ये मोटरबोट चालवायला बोटिंग सुरक्षेचं प्रमाणपत्र, म्हणजे तुझं ते कार्ड, लागतं. माझा जन्म त्याआधीचा, म्हणून कायद्यानं मला सोडलं. ती सूट मला चांगलीच भोवली.

दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला माणूस मी. मुंबईत असताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचला बसलो की सारंगाशेजारी जाऊन उभा राहायचो. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हे त्याच्याकडून पाठ झालेलं. इथं पहिल्याच उन्हाळ्यात चेसापीक उपसागराच्या एका फाट्यात शिरताना लाल बोया इमानानं डावीकडे ठेवला आणि बोट चिखलात रुतली. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये आत येताना लाल उजवीकडे ठेवतात. बाकीच्या जगात डावीकडे. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. दाभोळला पुढच्या भरतीनं उचललं असतं. इथली भरती जेमतेम फूट-दीड फूट! शेवटी दोर लावून ओढून घ्यावं लागलं. तुझी मामी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्याच हिवाळ्यात मी वर्गात जाऊन बसलो. इथं तटरक्षक दलाची १९३९ पासूनची ऑक्झिलरी आहे, आणि पूर्वी पॉवर स्क्वाड्रन्स म्हणून ओळखला जाणारा १९१४ चा अमेरिकाज बोटिंग क्लब आहे. शिकवणारे स्वयंसेवक, बरेचसे निवृत्त. आमच्या मास्तरांनी टेबलावर कागदी नकाशा अंथरला आणि मला माझीच चूक बोटानं दाखवायला लावली. स्क्रीनवर चार पर्यायांतला एक टिचकीनं निवडताना अशी लाज वाटत नाही, आणि शिकायला ती थोडी लागते. ऑक्झिलरीची माणसं बोट फुकट तपासूनही देतात. त्यांना आधी बोलाव.

समोरून बोट आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, उजव्या हाताकडून आडवी येणाऱ्या बोटीला वाट द्यायची, हे तुझ्या परीक्षेत आलं असेलच. इंजिन बंद करणाऱ्या दोरीचंही आलं असेल. तुझ्या बोटीएवढ्या बोटीत वेगानं जाताना ती चालवणाऱ्यानं अंगाला अडकवलीच पाहिजे, असा एप्रिल २०२१ पासून देशभर नियम आहे. पण एप्रिलात हवा उबदार असली तरी पाणी बर्फासारखं असतं, हे कार्डावरून अंगाला कळत नाही. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही. दहाएक मिनिटांनी हातपाय ऐकेनासे होतात. मग पोहायला येतं म्हणून काय उपयोग? बुडून मेलेल्यांपैकी दहातल्या आठांहून अधिकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, असं तटरक्षक दलाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात. जॅकेट बाकाखाली ठेवलेलं असतं, बरं का.

आता खरं सांगायचं ते. कोर्स तू केलास, सूनबाईनं नाही. दोघंच बोटीवर असताना तूच पाण्यात पडलास तर? दोरी ओढली जाऊन इंजिन थांबेल, पण वाऱ्यानं बोट लांब जाईल. इंजिन पुन्हा चालू करायचं, तुझ्यावरची नजर न हटवता वळून यायचं, आणि तू जवळ आलास की पंखा थांबवायचा, हे सगळं तिनं करायचंय. व्हीएचएफ रेडिओच्या सोळा नंबरवर आपण कुठे आहोत ते सांगायचंय. तिला ते येत नसेल तर तुझ्या कार्डाचं मोल तेवढंच.

म्हणून वर्गाला दोघं मिळून जा. मग एखाद्या शांत सकाळी सुकाणू तिच्या हाती दे, टोपी पाण्यात टाक आणि गप्प बस. टोपी हाती लागेपर्यंत सूचना द्यायच्या नाहीत. तुझ्या मामीला चौथ्या खेपेला जमलं. टोपी माझी होती, आवडती. तुझ्यासाठी जुनी शोधून ठेवतो.

तुझा,
मामा