लंगडणे थांबले म्हणजे घोडा बरा झाला असे नव्हे

टांगा, वरातीची घोडी, माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणचे सवारीचे घोडे यांवर आपल्या समाजातील अनेक घरांची रोजी-रोटी चालते. या बंधूंचा घोडा हाच कारखाना होय. घोडा पायाने अधू झाला की कमाई बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. अशा वेळी मालक घाई करतो आणि हाताशी असलेले जनावर कायमचे गमावून बसतो.

आमचा व्यवसाय कापडाचा. तरीही या विषयावर लिहीत आहोत, त्याला कारण आहे. आमचे एक आत्तेभाऊ वरातीसाठी घोडी देत असत. घोडीच्या पुढच्या पायामागची नस सुजली. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले. तिसऱ्या महिन्यात लंगडणे थांबले आणि नेमकी लग्नसराई आली. भावांनी आम्हांस विचारले. आम्ही व्यापाऱ्याचा हिशेब मांडला आणि म्हणालो, "चारा फुकट जातो आहे, दोन-चार वराती करून घ्या." तिसऱ्याच वरातीत तोच पाय पुन्हा गेला आणि ती घोडी परत कधी वरातीला उभी राहिली नाही. सल्ला आमचा, भोग तिचा. त्यानंतर डॉक्टरांकडून आणि जुन्या सईसांकडून जे समजून घेतले, ते येथे देत आहोत.

मूळ गोष्ट

घोड्याचा दम आणि मांस काही आठवड्यांत परत येते. नस, सांध्याचे बंध आणि हाड यांना मात्र महिने लागतात. म्हणून घोडा वरून तयार व चपळ दिसतो, पण आतील नस अजून कच्ची असते. नवी भरलेली नस जुन्या नसेइतकी लवचीक नसते. तिला हळूहळू ताण देऊनच मजबूत करावे लागते. नुसते बांधून ठेवणे चूक, आणि एकदम जुंपणे त्याहून मोठी चूक.

कामाची पायरी

नस दुखावली असेल तर साधारण क्रम असा असतो. पहिल्या दिवसांत तबेल्यात आराम, दिवसातून दोन-तीन वेळा 15-20 मिनिटे थंड पाण्याची धार आणि डॉक्टर सांगतील तशी पट्टी. सूज व उष्णता उतरल्यावर हातात लगाम धरून सपाट, टणक जमिनीवर 5 ते 10 मिनिटे चालवावे. दर आठवड्यास सुमारे पाच मिनिटे वाढवीत तीन महिन्यांत पाऊण तासापर्यंत न्यावे. त्यानंतर शक्य असल्यास नसेची सोनोग्राफी करून घ्यावी. नस भरत आली असेल तरच दुडकी चाल सुरू करावी, तीही पाच मिनिटांपासून. दौड सहा-आठ महिन्यांपूर्वी नको. पूर्ण कामास 9 ते 12 महिने धरावेत. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. वेळ वाढविली त्या आठवड्यात ओझे वा चढ वाढवू नये. उतारावर पुढच्या पायांवर जोर येतो, म्हणून उतार सर्वांत शेवटी.

इजा नसून केवळ पावसाळ्यात दोन-तीन महिने घोडा बसून असेल, तरी सहा ते आठ आठवड्यांची तयारी हवी. त्यातील पहिला महिना नुसती चाल.

रोजची तपासणी

सकाळी कामापूर्वी दोन्ही पायांवरून उलटा हात फिरवावा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम वा जाड लागला, तर त्या दिवशी काम बंद ठेवून मागच्या पायरीवर यावे. घोड्यास दुडकी चालवून डोके पाहावे. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताच तो डोके वर उचलतो.

जबड्याखाली बोट ठेवून 15 सेकंद नाडी मोजावी व चारने गुणावे. आरामात ती मिनिटाला 28 ते 44 असते. काम थांबवून दहा मिनिटे झाली तरी 60 च्या वर राहिली, तर काम जास्त झाले असे समजावे.

चंदी, नाल आणि खोगीर

घोडा बसून असताना चंदी कमी करावी, गवत व पाणी भरपूर द्यावे. सुट्टीतही पूर्ण दाणा खाऊन घोडा एकदम कामाला लागला, तर मागच्या पुठ्ठ्यांचे मांस लाकडासारखे ताठ होते. असे झाल्यास त्यास चालवू नये, डॉक्टरांस बोलवावे. काम आधी वाढवावे, दाणा मागून. नालबंदाकडून सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घ्यावेत. लांब वाढलेल्या खुराने नसेवर ताण पडतो. सुट्टीत पाठीचे मांस उतरलेले असते, म्हणून जुने खोगीर घासून जखम करते. ते पुन्हा बसवून पाहावे.

कायदा आणि हिशेब

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार आजारी वा जखमी जनावरास कामास लावणे गुन्हा आहे. 1965 च्या नियमांनुसार जनावरास दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा 37 अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 जुंपण्यास मनाई आहे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. नऊ महिन्यांचा चारा एका पारड्यात टाका आणि दुसऱ्यात नव्या घोड्याची किंमत व त्यास गर्दीची सवय लावण्याची मेहनत टाका. चारा स्वस्त पडतो. आम्ही तेव्हा पहिलेच पारडे पाहिले. यावर उपाय एकच. हंगामात रोजच्या कमाईतून थोडी रक्कम घोड्याच्या नावाने बाजूला ठेवावी. जमातीतील ऐपतदार मंडळींनीही अशा वेळी कर्जे-हसना देऊन हात द्यावा, म्हणजे गरजेपोटी कोणी अधू जनावर जुंपणार नाही.

बेजुबान जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. घोडा आपले दुखणे सांगू शकत नाही. त्याच्या पायावरून रोज हात फिरवणे हे मालकाचे काम आहे. एवढे सब्र केले, तर इन्शाअल्लाह जनावरही वाचेल आणि रोजीही.