न मागता कोड आला तर?



दिवाळी जवळ आली की आपल्या नांदेड-लातूरकडच्या गटांच्या मोबाईलवर ऑर्डरी वाढतात. कुणाची हळद, कुणाची तूरडाळ, कुणाचा काळा मसाला. मागणी व्हॉट्सॲप बिझनेसवर येते, पैशाचं बोलणंही तिथंच होतं. म्हणजे ते खातं हे गटाचं दुकानच झालं. त्याच्या कुलपाची माहिती एकट्या सचिवताईंना असून भागत नाही.

समजा, आपण काहीच केलं नाही आणि सहा आकडी कोडचा मेसेज आला. याचा अर्थ कुणीतरी त्याच्या मोबाईलमध्ये आपला नंबर टाकून बघतंय. घाबरू नका. कोड आपल्याकडं आहे तोवर तो बाहेरच आहे. आता तो कोड मागायला येईल: "ताई, चुकून तुमच्या नंबरवर गेला, जरा सांगता का?" असा मेसेज कधी ओळखीच्या ताईच्या नंबरवरूनही येतो, कारण तिचं खातं आधीच दुसऱ्याच्या हाती गेलेलं असतं. तिला साधा फोन लावून विचारा. कोड मात्र तिलाही सांगायचा नाही.

मग लगेच हे करा:

१. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तिथं ओळखीचा नसलेला मोबाईल किंवा कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. मागच्या सचिवताईंच्या घरचा कॉम्प्युटर जोडलेला राहिला असेल तर तोही काढा.

२. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट', त्यात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. १२३४५६ किंवा कुणाची जन्मतारीख नको. मग कोड दुसऱ्याला कळला तरी पिनशिवाय आत येता येत नाही.

३. मेसेजचा स्क्रीनशॉट काढा. तारीख-वेळ गटाच्या वहीत लिहा.

खातं गेलंच, तर आपला नंबर टाकून पुन्हा लॉगिन करा. एसएमएसवर आलेला कोड टाकला की समोरचा बाहेर पडतो. त्यानं पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही. दरम्यान गिऱ्हाइकांना फोन करून सांगा, "आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर टाकू नका." कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांनी उशीर न करता १९३० वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी खबर पोचली तर ते अडवता येतात.

एक गोष्ट मात्र आधीच बघून ठेवा. कोड येतो तो सिमवर. सिम कुणाच्या मालकांच्या किंवा लेकाच्या नावावर असेल, तर अडचणीच्या वेळी त्यांना शोधत बसावं लागतं.

येत्या मासिक बैठकीत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा: सिम कुणाच्या नावावर आहे? पिन कोणत्या दोघींना माहीत आहे? पिन विसरला तर कामी येणारा ईमेल कुणाचा टाकलाय? पिन मात्र वहीत लिहू नका. आणि पदाधिकारी बदलल्या की त्याच दिवशी पिनही बदला.