देवस्थानाची सहल आणि परिसर-अभ्यास : कार्ल्याचे एकवीरा-मंदिर

पेण तालुक्यातील खारपट्ट्यात आणि रोहे तालुक्यात आगरी, कोळी व कायस्थ प्रभू यांची अनेक घराणी अशी आहेत की, ज्यांची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा होय. चैत्रात घरची मंडळी यात्रेला जातात. मुलेही बरोबर जातात, देवीची ओटी भरून झाल्यावर खेळणी घेऊन परत येतात. तेच स्थान शाळेच्या सहलीत दाखवावयाचे झाल्यास शिक्षकाचे काम कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सर्वस्वी शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे आपल्या संविधानाचे २८ वे कलम सांगते. म्हणून सहलीत पूजा वा नवस यांचा आग्रह असू नये. दर्शनास जाणे अगर न जाणे हे मुलाच्या व पालकांच्या इच्छेवर सोडावे. त्याचबरोबर, जातीच्या कारणाने कोणत्याही हिंदूस सार्वजनिक मंदिरात मज्जाव करता येत नाही, असा १९५६ चा मुंबई राज्याचा कायदा आहे, हे मोठ्या मुलांना आवर्जून सांगावे. ज्या पायऱ्या आज वर्गातील सर्व मुले एका रांगेत चढतात, तशा अनेक ठिकाणच्या पायऱ्या त्यांच्या पणजोबांपैकी काहींना बंद होत्या. हा इतिहासाचाच पाठ आहे.

निघण्यापूर्वी वर्गात नकाशा काढवून घ्यावा. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तेथेच चौल हे प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते ‘सेमिल्ला’ या नावाने येते. कोकणच्या बंदरांतील माल बोरघाटासारख्या वाटांनी देशावर चढे, आणि या वाटांच्या माथ्याशी कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी आहेत. आपल्या गावची नदी आणि डोंगरावरील लेणे यांचा संबंध मुलांच्या लक्षात आला, म्हणजे अर्धे काम झाले.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील वेहेरगावच्या डोंगरावर एकवीरेचे मंदिर आहे, आणि त्याला अगदी लागून बौद्धांचे मोठे चैत्यगृह आहे. हे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर. आत ३७ खांब. मुलांकडून खांब मोजवून घ्यावेत. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब शिल्पयुक्त, तर स्तूपामागचे सात साधे अष्टकोनी आहेत. हा फरक मुलांनी स्वतः शोधावा. आपण आधी सांगू नये.

नंतर छताकडे लक्ष वेधावे. तेथे लाकडी कमानी दिसतात. डोंगर कोरून केलेल्या छताला लाकडाच्या आधाराची गरज नसते. मग त्या का बसविल्या असतील? मुलांना थोडा वेळ विचार करू द्यावा. पूर्वीच्या इमारती लाकडाच्या असत. तेच रूप दगडात आणण्याची कारागिरांची रीत होती. घरातील वासे-आढे पाहिलेल्या मुलास हे चटकन् उमगते.

भिंतींवर व खांबांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. हे काम एकट्या राजाचे नव्हे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुतार सामी, तेथलाच गंधी सिंहदत्त, तसेच कित्येक यवन अशा दात्यांची नावे त्या लेखांतून आढळतात. सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ही गोष्ट सुताराच्या मुलाला किती मोलाची वाटेल, याचा अनुभव शिक्षकांनी घ्यावा.

एकाच अंगणात देवीचे मंदिर व बुद्धाचे चैत्य पाहून मुले प्रश्न विचारतील. “कोणाचे खरे?” असाही प्रश्न येईल. शिक्षकाने निवाडा देऊ नये. येथे पूर्वी भिक्षू राहत, आज भाविक येतात, आणि ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली सर्वांसाठी जतन केलेली आहेत, इतके सांगावे. दोन्ही स्थळी पादत्राणे, आवाज व हात यांबाबत सारखाच संयम पाळावयास लावावा. भिंतीवर नाव कोरणे हा अपराध आहे, हे तेथे उभे राहूनच सांगावे.

सुरक्षिततेविषयी कोणतीही ढिलाई नसावी. चैत्रातील यात्रा, नवरात्र व सुट्टीचे दिवस टाळावेत. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे यात्रेच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्यू पावले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. कार्ल्यासही बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, पुढे एक व मागे एक शिक्षक चालावा, पायऱ्यांच्या आरंभी व शेवटी गणती करावी. पावसाळ्यात ही सहल काढू नये.

परत आल्यावर निबंध न देता तीन कामे द्यावीत : खांबांचा आराखडा काढणे, घाटवाटेचा नकाशा पुरा करणे, आणि घरातील वडीलधाऱ्यांना, पूर्वी यात्रेस कसे जात, कोठे मुक्काम करीत, हे विचारून लिहून आणणे. यातील तिसरे काम सर्वांत मोलाचे आहे. पायी वा बैलगाडीने केलेल्या प्रवासाच्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांचे बोलणे मुलांच्या वह्यांत उतरले, तर गावाचा एक लहानसा इतिहास शाळेच्या कपाटात सुरक्षित राहील.