माझं नाव कुठे लिहायचं?

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला मी एक शहाणपणा केला. आमंत्रणाखाली टाकलं, ‘भेटवस्तू, शुभेच्छापत्रं नकोत, तेवढी रक्कम आपण अनाथाश्रमाला देऊ.’ नातेवाइकांनी कौतुक केलं, रक्कमही बरी जमली. लेक मात्र केक कापून झाल्यावर फुरंगटून बसली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दान तिच्या वाट्यातलं आणि शाबासकी माझ्या पदरात!

पुढच्या जानेवारीत आम्ही तंजावरला गेलो आणि तिथून तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारुला. पोंगल नुकता झालेला. दुकानांत पोंगलची शुभेच्छापत्रं अजून लटकत होती, ऊस आणि उतू जाणारं मडकं छापलेली. लेकीने आजीसाठी एक घेतलं.

पौष वद्य पंचमी म्हणजे कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची पुण्यतिथी, ती तिथे साजरी होते. १८४७ साली ते गेले. दारोदार गात फिरायचं, कुणी घालेल ते मूठभर तांदूळ घ्यायचे आणि त्यावर घर चालवायचं, ही त्यांची उंछवृत्ती. आपल्याकडची माधुकरीच म्हणा ना. राजदरबारचं बोलावणं त्यांनी नाकारलं, असं सांगतात. तो दरबार तंजावरच्या आपल्याच भोसल्यांचा, हे लेकीला फार गमतीचं वाटलं. पुण्यतिथीला सकाळी त्यांच्या घरापासून कावेरीकाठच्या समाधीपर्यंत गायक तशीच उंछवृत्ती करत जातात. समाधीवरचं मंदिर गायिका बंगळुरू नागरत्नम्मांनी स्वतःच्या कमाईतून उभारलं. तिथे पोचेपर्यंत वाटेवर बायका दारात तांदूळ घेऊन उभ्या असतात.

आम्हीही वाण्याकडून पावशेर तांदूळ घेतले. लेकीने मूठ भरली, दोन-चार दाणे सांडले, ते वेचून पुन्हा मुठीत घेतले. पात्रात तांदूळ घालून झाल्यावर तिने हळूच विचारलं, “आई, माझं नाव कुठे लिहायचं?”

कार्डावर नाव असतं, देणगीच्या पावतीवर असतं. इथे तिचे तांदूळ बाकीच्यांच्या तांदळात मिसळून गेले होते. “कुठेच नाही,” मी म्हटलं. “मग कळणार कसं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी लेकीला त्याच भोसल्यांपैकी सरफोजी राजांची गोष्ट सांगितली. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अन्नछत्रं चालवली होती. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं, त्यात छत्रांत काय चालतं ते सगळं आहे. वाटसरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध, तान्ह्या बाळांना दूध. लेकीने नेमकं दूधच धरून ठेवलं. “रात्री बाळ रडलं तरी?” रात्रीसुद्धा, म्हटलं.

म्हणून पालकहो, माझा हट्ट एवढाच: मुलांच्या कार्डांचे, रिटर्न गिफ्टचे पैसे परस्पर वळते करू नका. आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर वस्तू त्यांच्या हातात द्या, घेणाऱ्याच्या दारापर्यंत न्या आणि फोटो काढू नका. (हा मोह मलाही आवरत नाही.) आणि आजीला लिहायचं कार्ड मात्र दानासाठी बंद करू नका. तिला शंभर रुपयांची पावती नको असते, नातवंडाचं वाकडंतिकडं अक्षर हवं असतं.

यंदा नवव्या वाढदिवशी आमच्या घराजवळच्या पाळणाघरात दूध द्यायचं तिनेच ठरवलं. पिशव्या किती, यावर बरीच घासाघीस झाली. मी पाच म्हटलं, ती तीनवर अडली, उरलेल्या पैशांत तिला स्केचपेन हवे होते. तीनच नेल्या.