वारा सुटला म्हणजे

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कायकोरा नावाचे गाव आहे. तेथे किनाऱ्याजवळच समुद्रात खोल दरी असल्याने स्पर्म जातीचे देवमासे वर्षभर आढळतात. १९८७ साली काही माओरी कुटुंबांनी आपली घरे गहाण ठेवून हे देवमासे दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला.

हा प्राणी श्वासासाठी वर येतो, काही मिनिटे तरंगतो व पुन्हा पाऊण तासाची बुडी मारतो. पाण्याखालचा त्याचा आवाज यंत्राने ऐकून माग काढतात. मग डोळ्यांनी फवारा शोधावयाचा. वारा सुटला की लाटांचे माथे फेसाळतात आणि त्या पांढऱ्यात फवारा हरवतो. नाव हेलकावते, माणसे आजारी पडतात, उभे राहणेही धोक्याचे होते. म्हणून अशा दिवशी फेरी रद्द करतात.

वाचकहो, घर गहाण असता, दुरून आलेले प्रवासी समोर उभे असता, "आज नाही" म्हणणे सोपे नव्हे. पण ज्याच्या भरवशावर लोक नावेत बसतात, त्याने आधी वारा पाहावा, मग गल्ला.

विचारासाठी प्रश्न : आपल्या भरवशावर कोण बसले आहे? त्यांच्यासाठी आपण कधी "आज नाही" म्हटले आहे काय?