निरपराध सेल्फ

माझ्या पद्मिनीचा सेल्फ जळालेला नव्हता, बॅटरी मेलेली नव्हती आणि किल्लीचा स्विचही झिजलेला नव्हता. हे तिन्ही जिन्नस बदलून त्यांची किंमत माझ्याकडून रीतसर वसूल करण्यात आली असली, तरी त्या तिघांच्या निर्दोषत्वाचा दाखला कोणीतरी लेखी द्यावयास हवा, आणि ज्या गृहस्थाने ते बदलले त्याच्याकडून तो मिळण्याचा मुळीच संभव नसल्यामुळे ते काम मीच पत्करीत आहे. गॅरेजचे नाव देत नाही. नाव देण्याजोगे त्याच्या हातून काही घडलेलेही नाही.

पावसाळ्यापूर्वी क्लचप्लेट बदलण्याकरिता गिअरबॉक्स उतरविला होता. त्याच वेळी, गाडीच्या पोटाला गंज धरू नये म्हणून खालून काळा रंग मारून देतो असे गॅरेजवाल्याने आपण होऊन सुचविले आणि त्याचे पैसे निराळे लावले. हा रंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. गाडी घरी आली, थोडे दिवस बरी चालली, आणि मग एके दिवशी किल्ली फिरविल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसली. धक्का मारताच मात्र ती तत्काळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी कुरकुरत का होईना, सेल्फवर उठली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक्’. ज्यांनी जुनी गाडी बाळगली आहे त्यांना या लपंडावाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

घरात काही हरवले की पहिला संशय मोलकरणीवर जावा, तद्वत् गाडी सुरू झाली नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. ‘काका, बॅटरी गेली तुमची,’ असे गॅरेजवाल्याने बॉनेट उघडण्याच्या आधीच सांगितले. मी त्याला म्हटले, ‘अहो, मग हे पाहा.’ हेडलाइट लावले, किल्ली फिरविली; ‘टक्’ झाले आणि दिव्यांचा उजेड केसभरही मंदावला नाही. बॅटरी खरोखरीच गलितगात्र असती, तर सेल्फने ओढ घेताच दिवे पिवळे पडून विझू विझू झाले असते. दिवे तेजस्वी राहतात आणि सेल्फ हलत नाही, याचा अर्थ बॅटरीकडे वीज आहे परंतु ती सेल्फमधून वाहून परत येऊ शकत नाही, हे अनुमान काढण्यास तर्कशास्त्राची पदवी लागत नाही. यावर त्याने माझ्याकडे जी करुण दृष्टी टाकली ती मी विसरलेलो नाही. ‘दिव्याला काय करंट लागतो काका, सेल्फला लागतो,’ एवढे बोलून त्याने नवी बॅटरी मागविली. त्याचे वाक्य खोटे नव्हते. त्या क्षणी ते गैरलागू होते.

नव्या बॅटरीने काही दिवस गाडी थोडी बरी उठू लागली आणि गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावर विजयाची प्रभा पसरली. त्याचे कारण मला पुढे उमगले. बॅटरी भरणारे यंत्रही इंजिनावरच बसविलेले असते, त्याच्या विजेलाही परतीसाठी तीच वाट लागते. ती वाट अडलेली असल्यामुळे जुनी बॅटरी कधी पुरती भरतच नव्हती. म्हणजे बॅटरीचा अशक्तपणा हा परिणाम होता, आणि आमच्या वैद्यबुवांनी परिणामालाच कारण ठरविले होते. पुढे सेल्फ उतरविण्यात आला, ‘आर्मेचर गेले, कार्बन संपले’ असे निदान झाले, आणि दुरुस्त केलेला म्हणून दुसराच एक सेल्फ बसविण्यात आला. त्यानेही ‘टक्’ म्हटल्यावर किल्लीचा स्विच बदलला गेला. ज्या अर्थी ‘टक्’ असा आवाज येतो त्या अर्थी स्विच आपला हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोहोचवीत आहे, हे मी त्या वेळीही बोललो होतो. शेवटी, ‘काका, गाडी आता म्हातारी झाली, विकून टाका,’ असा सल्ला मिळाला. आणि तो देताना त्याचा हात माझ्या गाडीच्या टपावर, गिऱ्हाईक हुडकणाऱ्या दलालाचा असावा तसा, रेंगाळत होता.

आता मुख्य गोष्ट. एका संध्याकाळी सोसायटीच्या आवारात गाडी उभी असता मी चोक ओढून किल्ली फिरविली, ‘टक्’ झाले, पुन्हा फिरविली, आणि चोक आत ढकलावा म्हणून बटणाला हात लावला तो चटका बसला. चोकचे बटण गरम! इंजिन थंडगार, ऊन केव्हाच गेलेले, आणि डॅशबोर्डवरच्या त्या गुंडीखालून तापलेल्या वार्निशासारखा वास येत होता. मी तसाच बसून राहिलो. चोकची केबल म्हणजे पोलादी वेष्टनातली एक पोलादी तार; तिचे एक टोक कार्बोरेटरला, म्हणजे पर्यायाने इंजिनाला, आणि दुसरे डॅशबोर्डला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. इंजिन स्वतः रबराच्या माउंटिंगवर बसलेले, अर्थात पत्र्यापासून अलग. बॅटरीची वजा बाजू पत्र्याला जोडलेली. तेव्हा सेल्फमध्ये गेलेली वीज परत बॅटरीकडे यावयाची ती इंजिन आणि पत्रा यांना जोडणाऱ्या विणीच्या तांब्याच्या पट्टीतून. आणि ती पट्टी आपले काम करीत नसेल, तर शे-दीडशे अँपिअरचा तो लोंढा मिळेल त्या फटीतून, म्हणजे माझ्या चोकच्या केबलमधून, वाट काढणार. केबल तापली ती यामुळे. तीन नग बदलून जे कळले नाही ते बोटाला बसलेल्या एका चटक्याने कळले.

खात्री करून घेण्यासाठी शेजाऱ्याची जंपर केबल मागून आणली, तिचा एक चिमटा बॅटरीच्या वजा खुंटीवर आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर लावला, किल्ली फिरविली. आणि ज्या यंत्राला महिनाभर म्हातारे म्हणून हिणविण्यात आले होते ते पहिल्याच फेऱ्यात गर्जत उठले. दुसऱ्या दिवशी उजेडात गाडीखाली शिरून ती पट्टी सोडविली. गिअरबॉक्स उतरविताना ती सोडावीच लागते. बसविताना मात्र ती ताज्या काळ्या रंगावर बसविली होती: पट्टीच्या टोकाचा लग उचलला तर खाली रंगाचा थर अखंड, आणि त्यावर लगाची वाटोळी मोहोर अशी ठसठशीत उमटलेली, की पंचनाम्याला दुसऱ्या पुराव्याची गरज पडू नये. बोल्टच्या दोन-चार आट्यांपुरता काय तो धातूला धातूचा स्पर्श, आणि तोही पावसाच्या पाण्याने गंजत चाललेला. रंगाचे पैसे, मी मघाशी सांगितल्याप्रमाणे, निराळे दिले होते.

हे सर्व मी त्या गृहस्थाला त्याच्या गॅरेजात जाऊन, पट्टी हातात धरून, शांतपणे सांगितले. तो म्हणाला, ‘तेच तर मी पहिल्यापासून म्हणत होतो काका, अर्थिंगचा लोचा असणार.’ तेथे उभ्या असलेल्या पोऱ्यानेदेखील मान खाली घातली.

आता ज्यांच्यावर हा प्रसंग यावयाचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली आणि टॅक्सीतळाजवळ नुसत्या टेस्ट लॅम्पवर निदान करणारे वायरमनही पांगले. तेव्हा आपले निदान आपणच करावयाचे आहे असे समजून चालावे.

पहिली पायरी हेडलाइटची, ती वर आलीच. दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीच विझले तर बॅटरी किंवा तिच्या खुंट्यांवरच्या पकडी; जलद ‘टक-टक-टक-टक’ असा आवाज आला तरी संशय तिकडेच. दिवे जसेच्या तसे आणि आवाज मुळीच नाही, तर दोष सोलेनॉइडकडे जाणाऱ्या बारीक तारेच्या वाटेवर, म्हणजे स्विच वा एखादे सैल झालेले जोड. किल्ली फिरविल्यावर त्या तारेवर टेस्ट लॅम्प लख्ख पेटला पाहिजे. दिवे तसेच आणि एकच ठोस ‘टक्’, तर सोलेनॉइडचे आतील संपर्क, सेल्फ, किंवा जाड तारांचे मार्ग, जाणारा आणि परतीचा दोन्ही. यांतला सेल्फ सर्वांत महाग असल्यामुळे तो सर्वांत शेवटी उतरवावा. गॅरेजात हा क्रम नेमका उलटा असतो.

दुसरी गोष्ट मल्टीमीटरची. गाडी स्वस्थ उभी असताना तारेच्या टोकाला 12 व्होल्ट दाखविले म्हणून तार चांगली आहे, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. एकच धागा शिल्लक उरलेली तारसुद्धा वाहती वीज नसताना पुरते 12 व्होल्ट दाखविते. मोजमाप भार असतानाच घ्यावयाचे. कॉइलला वीज आणणारी बारीक तार काढून ठेवावी म्हणजे इंजिन पेट घेणार नाही. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असावा. मीटरची एक सुई बॅटरीच्या वजा खुंटीवर, पकडीवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी इंजिनाच्या खरडलेल्या धातूवर टेकवावी आणि कोणाला तरी किल्ली फिरविण्यास सांगावे. काटा पाव व्होल्टच्या आत राहिला तर परतीची वाट निर्वेध. माझ्याकडे ती पट्टी होती तशीच ठेवून मोजले तेव्हा चार व्होल्टच्या वर गेला. मग हीच तपासणी अधिक खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत करावी. तेथे अर्ध्या व्होल्टपर्यंत क्षम्य समजतात. बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये मोजले असता, स्वस्थ स्थितीत सुमारे 12.6 आणि सेल्फ फिरत असताना दहाच्या आसपास राहत असेल, तर बॅटरी बदलू देऊ नये. किल्ली एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक फिरवून धरू नये. निर्दोष सेल्फ खरोखरीच जाळण्याचा तोच मार्ग आहे.

मीटरवर ओहम मोजून हा दोष सापडत नाही, हेही येथेच सांगतो. एका ओहमचा पन्नासावा भाग एवढा अडथळा साध्या मीटरला दिसतदेखील नाही, परंतु दीडशे अँपिअर वाहू लागले की तेवढ्यानेच तीन व्होल्ट गिळले जातात. गेऑर्ग ओहम याने 1827 साली प्रसिद्ध केलेला हा नियम काही गॅरेजांपर्यंत अद्याप पोहोचावयाचा आहे.

दुरुस्ती म्हणाल तर क्षुल्लक. बॅटरीची वजा तार आधी काढावी (आणि लावताना ती शेवटी लावावी), बोटातील अंगठी व मनगटावरील घड्याळ उतरवून ठेवावे, पट्टी बसते ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळावा, आणि मग वरून व्हॅसलीन चोपडावे, आधी नव्हे. पट्टी काळवंडली असेल तर 25 चौरस मिलिमीटर छेदाची बॅटरी केबल घेऊन नवी करावी. घरच्या वायरिंगची तार गुंडाळून वेळ मारून नेणारे लोक आहेत, त्यांच्याशी वाद घालू नये. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, तारेच्या वेष्टनाखाली आत दूरवर हिरवी बुरशी चढते. तेथे टोक कापून नवा लग लावणे पुरत नाही, अख्खी तारच बदलावी.

बाकी, बिल मागून घ्यावे, विश्वासाचा माणूस गाठावा वगैरे उपदेश सर्वजण करतात, तो मीही करतो. मात्र बदललेला प्रत्येक जुना भाग तेथल्या तेथे ताब्यात घ्यावा, हे आग्रहाने सांगतो. माझा मूळचा सेल्फ परत द्या, असा तगादा मी त्या गृहस्थाकडे लावला तेव्हा, तो भंगारात गेला असे उत्तर मिळाले. भंगारात गेला तर त्यातील तांब्याचे पैसे कोणाच्या खात्यावर जमा झाले, याचा खुलासा मी लेखी मागितला आहे.