पित्तवाहिनीची इजा : पहिल्या दुरुस्तीचे महत्त्व

यकृतात रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते आणि जेमतेम सहा मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीतून लहान आतड्यात उतरते. पित्ताशय ही त्या वाटेवरील साठवणीची पिशवी होय. खड्यांमुळे ती काढून टाकली तरी माणसाचे फारसे अडत नाही. वाहिनी दुखावली तर मात्र जिवावर बेतते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये देशात प्रथमच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. आज ही शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावीही होते. हजारांत सुमारे दोन ते पाच रुग्णांच्या बाबतीत मुख्य वाहिनीला इजा होते. सूज असली की मुख्य वाहिनीच पित्ताशयाचा देठ भासते आणि कापली जाते. यात हलगर्जीपणापेक्षा दृष्टिभ्रमाचा भाग मोठा असतो, असे अभ्यासकांना आढळले आहे.

रुग्ण घरी परतल्यावर पोट फुगणे, ताप, अंगाला खाज, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा ही लक्षणे दिसू लागतात. आपल्याकडे अशा वेळी काविळीची माळ घालण्याकडे किंवा नाकात औषध सोडण्याकडे ओढा असतो. येथेच मोलाचे दिवस वाया जातात. ही कावीळ औषधाने उतरणारी नव्हे. पित्ताची वाट अडली आहे वा फुटली आहे.

गळती लहान असल्यास तोंडावाटे दुर्बीण घालून वाहिनीत बारीक नळी बसवितात आणि पोटात साचलेले पित्त सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईवाटे बाहेर काढतात. बहुधा एवढ्याने भागते. वाहिनी पूर्ण तुटली असेल तर आतड्याचा एक पदर वर आणून तिच्या तोंडाशी शिवावा लागतो. जंतुसंसर्ग असल्यास त्यापूर्वी काही आठवडे थांबणे श्रेयस्कर ठरते. हे शिवणकाम आता निवडक केंद्रांत दुर्बिणीने किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून केले जाते. वेदना कमी होतात, रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो. तथापि छेद लहान की मोठा, हा प्रश्न दुय्यम आहे. प्रत्येक फसलेल्या दुरुस्तीनंतर वाहिनी अधिक आखूड व व्रणग्रस्त होते. म्हणून पहिलीच दुरुस्ती या कामात मुरलेल्या शल्यविशारदाकडून व्हावी. मूळ शस्त्रक्रियेचे टिपण आणि तपासण्यांचे कागद रुग्णासोबत गेले, तर तेथील निर्णय सोपा होतो.

जोड आकुंचन पावण्याचा धोका पुढे कित्येक वर्षे राहतो. त्यामुळे प्रकृती ठणठणीत वाटली तरी यकृताच्या रक्ततपासण्या ठराविक काळाने करून घ्याव्या लागतात.